मुलांच्या हातात बंद पडलेली वस्तू द्या

तांत्रिक प्रशिक्षण द्यायला गावातल्या शाळांत येणारी मंडळी मनानं चांगली असतात. प्रोजेक्टर लावतात, "रोबोटिक्स म्हणजे काय" यावर तासभर स्लाइड दाखवतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाच पोरांमागे एक किट देतात. एक पोरगा तारा जोडतो, दुसरा त्याच्या हातून ओढतो, तिघं बघत बसतात. मग अहवालात येतं की ग्रामीण मुलांचं लक्ष टिकत नाही. हे मला अजिबात पटत नाही. रात्रीच्या लाईटवर बापासोबत वावरात जाऊन स्टार्टरच्या नुसत्या आवाजावरून "एक फेज गेला" सांगणारे पोट्टे आपल्याकडे आहेत. त्यांचं लक्ष टिकतं. त्यांच्या हाताला काम द्यावं लागतं, आणि त्या कामात काहीतरी बिघडलेलं असावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: चालू वस्तू दाखवू नका. बंद पडलेली वस्तू हातात द्या आणि ती का बंद आहे ते शोधायला लावा. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याला कुठून मागवायची गरज नाही. १९३७ साली शिक्षण परिषद वर्ध्यातच भरली होती आणि नयी तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवायची पद्धत, तिथूनच उभी राहिली.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. तीस मुलांना पंधरा किट. दोघांत एक, तिसरा नको. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडायचाच नाही. किटमध्ये ४०० भोकांचा ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी), तीन पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर, दोन लाल आणि दोन निळे एलईडी (छोटे दिवे), २२० ओहमचे पाच रेझिस्टर (करंट कमी करणारे), एक पुश बटण, दहा जंपर तारा. एलईडी वीस टक्के जास्तीचे ठेवा, ते जळतातच. एक जुना ब्रेडबोर्ड मागचा कागद सोलून सगळ्यांच्या हातून फिरवा. आतल्या धातूच्या पट्ट्या दिसल्या की पाच-पाच भोकं एकमेकांना कशी जोडलेली असतात ते फळ्यावर समजवावं लागत नाही.

तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेल्या २.५ ला २२० नं भागलं की सुमारे ११ मिलिअँपिअर. सातवीचं पोरगं हा भागाकार करतं, ओहमचा नियम पुस्तकात येईल तेव्हा येईल. मग होल्डरमधला एक सेल काढून त्या जागी तारेचा तुकडा लावा आणि आधी विचारा: लाल पेटेल की निळा? हात वर करून घ्या, मगच जोडू द्या. लाल पेटतो. निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. ज्यानं आधी उत्तर दिलं त्याला कारण हवंच असतं. नुसतं बघणाऱ्याला नसतं.

दुसरा तास बिघाडाचा. मुलं यायच्या आधी पंधराही ब्रेडबोर्डवर सर्किट जोडून ठेवा आणि प्रत्येकात एकच दोष घाला. एलईडी उलटा. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत. तीनपैकी एक सेल उलटा: हा दोष सगळ्यात चांगला, कारण सेल नवे असतात, होल्डर भरलेला दिसतो आणि मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या मीटरवर) मात्र दीडच व्होल्ट येतात. पुश बटण नव्वद अंशात फिरवलेलं असलं की ते न दाबताच चालू राहतं, कारण त्याच्या चार पायांपैकी दोन-दोन आतून जोडलेले असतात. एखादी आतून तुटलेली जंपर तारही ठेवा. मोठे, ८३० भोकांचे ब्रेडबोर्ड असतील तर काहींच्या कडेची लाल-निळी पट्टी मधोमध तुटलेली असते. भल्याभल्यांचे तास त्यात जातात.

"सर, पेटूनच नाही राहिला" असं पोरगं म्हणालं की तुमचा हात ब्रेडबोर्डकडे जाऊ देऊ नका. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड आहे. हात मागे बांधून विचारायचं: सेलपासून सुरू कर, करंट कुठपर्यंत पोचला? प्रत्येक टप्प्यावर मीटर लावायचा. पंधरा किटला पाच मल्टिमीटर पुरतात, कंटिन्युइटीचा, म्हणजे तार अखंड असली की वाजणारा, बीप देणारे घ्या.

जोडीत एकाच्या हातात तारा, दुसऱ्याच्या हातात आकृती. आकृतीवाला बोलतो, तारवाला जोडतो. दर दहा मिनिटांनी अदलाबदल, शिट्टी वाजवून. ही सक्ती नसेल तर मुलगा-मुलगीच्या जोडीत तारा मुलाकडे आणि वही मुलीकडे राहते, आणि ती मुलगी पुढच्या वेळी येत नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत होत असतं, त्यामुळे शिट्टी विसरू नका.

अर्डुइनोचा, म्हणजे कोड टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाचा, तास बहुतेक ठिकाणी टायपिंगमध्ये मरतो. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी कळफलकावर अर्धविराम आणि मोठी-लहान अक्षरं शोधायला लावली की तास गेला. कोड तयार द्या, एकच आकडा बदलू द्या. डिले, म्हणजे एलईडी चालू-बंद होण्यामधला मिलिसेकंदांतला थांबा, १००० आहे, तो ५०० करा, मग १००, मग १०. दहावर एलईडी सतत पेटलेला दिसतो. आता ब्रेडबोर्ड हातात धरून अंधारात झपकन हलवायला सांगा: ठिपके-ठिपके दिसतात, म्हणजे तो अजून लुकलुकतोच आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनची टकटक सगळ्यांनी ऐकलेली असते. करंट सतत नसतो, क्षणभर असतो, मग थांबा असतो. डिले समजवायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

त्याआधीची तयारी मात्र घरून करून या. स्वस्त बोर्डांवर कॉम्प्युटरशी जोडणारी सीएच३४० चिप असते. तिचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला ती ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर हवा, शाळेत नेट मिळेल या भरवशावर राहू नका. पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलच्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. अर्डुइनोच्या नॅनो या छोट्या बोर्डवर कोडचं अपलोड अडकलं तर प्रोसेसरच्या यादीत "ओल्ड बूटलोडर" निवडून बघा. आणि सर्व्हो मोटर (ठरावीक कोनात वळणारी) चौकोनी ९ व्होल्टच्या सेलवर चालवू नका. तो तेवढा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होत राहतो आणि पोरांना वाटतं आपला कोड चुकला.

सेन्सर निवडताना आपली माती आणि आपलं ऊन लक्षात घ्या. मातीच्या ओलाव्याचा दोन दातांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला की काही दिवसांत गंजतो. कपॅसिटिव्ह, म्हणजे मातीला उघडा धातू न लावता ओल ओळखणारा, घ्या, त्याच्या उघड्या कडांना नेलपॉलिश लावा. त्यात कोरड्याला मोठा आणि ओल्याला लहान आकडा येतो, आणि प्रत्येक सेन्सरचा आकडा वेगळा, म्हणून आधी हवेत आणि मग ग्लासभर पाण्यात धरून दोन्ही टोकं वहीत लिहून घ्यायची. आपली काळी माती वाळली की फाकते. सेन्सर भेगेत गेला तर त्याच्याभोवती हवा असते, आणि वीतभर अंतरावर ओल असूनही तो "कोरडं" सांगतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर उन्हाळ्यात वेगळी गंमत करतो. कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. टिनाखालच्या वर्गात ४५ अंश असले तर तो ३५९ च्या आसपास जातो, आणि एक मीटरवरची भिंत ९५ सेंटीमीटरवर दिसते. सकाळच्या शाळेत एकदा मोजा, दुपारी परत मोजा. एवढा चांगला विज्ञानाचा तास आपलं ऊन फुकट देतं.

ऑनलाइनचं गणित वेगळं. घरात स्मार्टफोन एक, दिवसभर तो बाबांसोबत वावरात. म्हणून थेट वर्ग रात्री साडेसातनंतर आणि चाळीस मिनिटांच्या वर नको, रोजच्या दीड-दोन जीबीत घरच्यांचंही भागलं पाहिजे. किट आधीच घरी गेलेलं हवं, सामान नंबर टाकलेल्या कागदी पुड्यांमध्ये: "पुडी ३ उघडा" म्हटलं की वेळ जात नाही. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसायची गरज नाही. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फळी आडवी ठेवून तिच्यावर फोन स्क्रीन वर करून ठेवा, कॅमेरा फळीच्या कडेबाहेर, खाली हातांवर. खाली पांढरा कागद, उजेड बाजूनं, नाहीतर हाताच्या सावलीत ब्रेडबोर्ड हरवतो. सर्किटचा फोटो वर्गाच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. नेटवर्क गेलं तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर तास पुढे नेता येतो.

प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर टाइप करून थांबायचं आणि "तीन" म्हटल्यावर एकदम पाठवायचं. नाहीतर पहिल्या मुलाचं उत्तर बाकीचे उतरवतात.

दुरून बिघाड शोधायला फोटोची शिस्त लागते. लाल तार फक्त प्लसला, काळी फक्त मायनसला, सिग्नलला उरलेले रंग. फोटो बरोबर वरून, दिवसाच्या उजेडात, दुसरा बाजूनं. सोबत तीन ओळी: काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी काय करून पाहिलं. तिसरी ओळ नसेल तर उत्तर द्यायचं नाही, ओळ मागायची. आठवड्या-दोन आठवड्यांत निम्मी मुलं ती ओळ लिहितानाच दोष शोधून मोकळी होतात. टिंकरकॅड या ऑनलाइन सर्किट जोडायच्या साइटवर वर्गाचा कोड आणि टोपणनाव देऊन ई-मेलशिवाय मुलांना सर्किट जोडता येतं, पण फोनच्या स्क्रीनवर ते त्रासदायक आहे. ते शाळेतल्या कॉम्प्युटरसाठी ठेवा.

शेवटी रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हा भाग आला की प्रत्येक पोराच्या डोक्यात घरची मोटर येते, आणि तिथे आपली जबाबदारी आहे. वर्गात रिलेच्या पुढे १२ व्होल्टचा बल्बच लागला पाहिजे. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरत असाल तर प्लसच्या तारेत २ अँपिअरचा फ्यूज घाला, कारण ती शॉर्ट झाली तर तार लाल होते. २३० व्होल्ट वर्गात आणायचे नाहीत, घरचा स्टार्टर आणि झटका मशीन उघडायचं नाही, हे मुलांना सांगा आणि त्याच दिवशी पालकांनाही फोन करून सांगा.