मॅडम, शेठ नाहीत का?

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी गूगलवर माझ्या दुकानाला एक तारा बहाल केला. खाली लिहिलंय, 'मॅडम उद्धट आहेत. ग्राहकाला अजिबात सहकार्य नाही.' ठाण्यात, पाचपाखाडीत पावलापावलावर मेडिकल असताना हे गृहस्थ निवडून माझ्याकडे आले आणि मी त्यांना सहकार्य केलं नाही, म्हणजे काय! तेव्हा निदान बाकीच्यांना तरी केमिस्टकडून हवं ते सहकार्य कसं काढून घ्यायचं, हे सांगून ठेवते. काउंटरमागे उभं राहून पायांचे तुकडे पडेपर्यंत जमवलेलं ज्ञान आहे. फुकट देतेय. तसंही आमच्याकडचं ज्ञान फुकटच हवं असतं.

तर, दुकानात शिरल्या शिरल्या माझ्या डोक्यावरून मागे बघा. मागे फ्रिज आहे, फ्रिजशेजारी भिंतीवर लायसन्स टांगलंय. लायसन्सवर माझं नाव आहे, फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही माझंच आहे. तिकडे बघायचं नाही. विचारायचं, 'शेठ नाहीत का?' आमच्याकडे शेठ नाहीत. गल्ल्यावर माझे बाबा बसतात, ते एसटीतून रिटायर झालेत. मग औषधाचं काय ते बाबांनाच विचारा. 'काका, ही बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर?' खोपटहून स्वारगेटची गाडी कितीला सुटते हे विचारलंत तर बाबा झोपेतही सांगतील. बीपीच्या गोळीचं उत्तर मी देते. ते ऐकून घ्या, पण माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून 'हो का, काका?' अशी खात्री करून घ्या. बाबा मान डोलावतात. झालं समाधान. मी बी.फार्म.ची चार वर्षं काढली ती बाबांना मान डोलावता यावी म्हणूनच.

औषधाचं नाव कधीही लक्षात ठेवू नका. 'ती पांढरी, गोल, छोटीशी' एवढं पुरतं. दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या, गोल आणि छोट्याशाच आहेत, त्यामुळे शोधायला सोपं जातं. फारच तयारीचे असाल तर रिकाम्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा घेऊन या. तुकडा असा निवडा, की त्यावर नावातलं शेवटचं 'लोल' तेवढं शिल्लक असेल. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल, यातलं कुठलं ते मी तुमच्या चेहऱ्यावरून ओळखते. आणि चिठ्ठीचा फोटो काढायचाच असेल तर अंगठा बरोबर डोसवर ठेवून काढा. याहून उत्तम म्हणजे गावाकडे फोन लावून मोबाइल सरळ माझ्या हातात द्या. 'घ्या, भावोजींशी बोला.' भावोजी तिकडून विचारतात, 'कोण बोलतंय?'

रांग ज्यांना काही विकत घ्यायचंय त्यांच्यासाठी असते. तुम्हाला 'फक्त एकच विचारायचंय'.

तरुण मुलांसाठी वेगळी सूचना. काउंटरवर बाई दिसली की दचकू नका. आधी खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या घ्या, मग बँडेज, मग ओआरएसची दोन पाकिटं, मग वजनकाट्यावर उभे राहून या. एवढं होईस्तोवर दुकान रिकामं होतं, आणि तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या काकू येतात. मग ज्यासाठी आला होतात ते न घेताच जा. या एका सवयीवर माझी ओआरएसची विक्री टिकून आहे.

सूट मागितल्याशिवाय बिल करू देऊ नका. ज्या औषधांच्या किमती सरकार बांधून देतं, त्यांच्यावर २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशानं दुकानदाराला १६ टक्के मार्जिन ठरवून दिलंय. तुम्ही २० टक्के सूट मागा. 'ऑनलाइनवाले २५ देतात' हे वाक्य जरूर वापरा. मात्र रात्री साडेदहाला पोराचा दमा उसळला आणि नेब्युलायझरचं औषध संपलेलं असलं, की ऑनलाइनवाल्यांना उगाच त्रास देऊ नका. तेव्हा माझं अर्धं खाली आलेलं शटर ठोठवा. ते मी उघडते. तुम्ही दुसऱ्या दिवशी महिन्याची औषधं ऑनलाइन मागवता, हे मला कुरिअरवाला माझ्याच दुकानात तुमची विंग विचारायला येतो तेव्हा कळतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाची मजा तर विचारूच नका. १२ मधून ५ गेले की ७, हे सगळ्यांना येतं. पण ११२ रुपयांची वस्तू १०५ ला आली की किंमत सव्वासहा टक्क्यांनीच उतरते, हे मी कॅल्क्युलेटर फिरवून फिरवून दाखवत होते आणि समोरून नजर अशी, की मधला पाऊण टक्का मी घशात घालतेय. हिशेब पटला, की ३८ रुपयांच्या बिलाला पाचशेची नोट काढा.

इंजेक्शन टोचून देता का, हे विचारा. नाही म्हटलं तर 'समोरचा देतो' असं सांगा.

औषध दुकानात नसेल तर तातडीनं मागवायला लावा. नाव द्या, नंबर द्या, 'आजच्या आज पाहिजे' असं तीनदा बजावा. आमच्या दुकानात कामाला असलेला मुलगा माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून घामानं निथळत ते घेऊन येईल, तोवर तुम्ही दुसरीकडून घेतलेलं असेलच. फोन उचलू नका.

आता अँटिबायोटिक. हे औषध डॉक्टरांना विचारून घ्यायचं नसतं, शेजारणीला विचारून घ्यायचं असतं. तिच्या मुलाला लागू पडलं, तुमच्या मुलीचाही घसाच दुखतोय, म्हणजे रोग तोच. आणि घेताना 'तीनच द्या' म्हणा. डॉक्टरांनी पाच दिवसांचं लिहिलं असलं तरी तीनच घ्या, कारण दोन दिवसांत बरं वाटतं आणि उरलेली एक पुढच्या वेळी उपयोगी पडते. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ ही 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' अशी खूण नव्हे, नक्षी आहे. मी चिठ्ठी मागितली तर तोंड वाकडं करा. सेफिक्सीमसारखं अँटिबायोटिक एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत येतं, ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे आणि तिच्यासाठी आम्ही वेगळं रजिस्टर ठेवतो. डॉक्टरचं नाव, पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं सांभाळायचं. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर तयार ठेवा, 'लिहा ना काहीतरी!' लिहिते की. डॉक्टरच्या रकान्यात काय लिहू, 'समोरच्या ब्लॉकमधल्या काकू'?

सगळेच असे नसतात, हेही सांगायला हवं. नौपाड्यातून एक आजी येतात. त्यांच्याकडे छोटी वही आहे, तीत सकाळची औषधं एका पानावर, रात्रीची समोरच्या पानावर, त्यांच्या हातानं लिहिलेली. मध्यंतरी पडल्या म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. नवी चिठ्ठी आणि वही दोन्ही माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, 'बाळ, हे जुन्याबरोबर चालेल ना गं?' बघितलं तर नव्या चिठ्ठीतली दुखण्यावरची गोळी त्या आधीपासून दुसऱ्या कंपनीच्या नावानं घेतच होत्या. नावं वेगळी, आत औषध तेच. म्हणजे डबल डोस, आणि तोही ऐंशीच्या घरातल्या पोटाला. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक बंद केली, आजींनी तिथेच पेन मागून वहीतली ओळ खोडली. त्या दिवशी बिल झालं फार तर शंभराचं. पण रात्री शटर ओढताना कंबर दुखत नव्हती. चार वर्षं याचसाठी शिकले होते, हे अधूनमधून आठवतं ते अशामुळे.

असो. चांगल्या ग्राहकांना सूचनांची गरज नाही. आपण माल परत करण्याकडे वळू. इथे त्या एक तारेवाल्या गृहस्थांचा हात कुणी धरणार नाही.

या गृहस्थांच्या वडिलांचं इन्सुलिन डॉक्टरांनी बदललं. जुन्याचं न उघडलेलं खोकं उरलं. बिल माझंच, सील शाबूत, पैसे दीड-दोन हजार. हे खोकं त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि मी हात लावला तर ते चक्क गरम. विचारलं, 'कुठे होतं?' तर म्हणाले, 'गाडीत. रविवारी नाशिकला लग्न होतं, तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यातच राहिलंय.' दिवस मे महिन्याचे. गाडी उघड्यावर. इन्सुलिन ठेवायचं असतं २ ते ८ डिग्रीत. स्टॉकिस्टकडून येतं ते थर्माकोलच्या खोक्यात, जेलपॅक घालून. माझ्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे, त्याचा आकडा मी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवते. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी फ्रिजला, पंख्याला नाही. बाबा त्या उकाड्यात वर्तमानपत्रानं वारा घेत बसतात, पण फ्रिज चालू राहतो. आणि हे महाशय मला सांगतात, 'सील तर फोडलेलं नाही ना, मॅडम! ठेवा फ्रिजमध्ये, होईल परत थंड. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका.'

दुसऱ्या कुणाला तरी! कोण हो हा दुसरा कुणीतरी? माझ्याकडे इन्सुलिन घ्यायला लोकमान्यनगरचा एक रिक्षावाला येतो, त्याला देऊ? उन्हात बिघडलेलं इन्सुलिन कुबट वास मारत नाही की दुधासारखं फाटून ओरडत नाही. बहुतेक वेळा दिसतं तसंच दिसतं. तो माणूस भरवशानं रोज टोचून घेणार. साखर उतरणार नाही. बायको म्हणणार, चोरून भात खाल्ला असशील. डॉक्टर म्हणणार, डोस वाढवू. वाढवणार. मग हे खोकं संपणार, तो नवीन, चांगलं घेणार, वाढलेलाच डोस टोचणार, आणि साखर धाडकन खाली येऊन तीन हात नाक्याला सिग्नलवर डोळ्यांपुढे अंधारी येणार. मागे कुणाची तरी शाळेतली पोरं बसलेली असणार. तुमचे दीड-दोन हजार वाचावेत म्हणून!

मी त्यांना एकच विचारलं, असंच दुसऱ्या कुणी गाडीत उकडून परत आणलेलं खोकं मी तुमच्या वडिलांना दिलं असतं तर? याला उद्धटपणा म्हणतात. यावर ते गप्प बसले आणि मग माझ्याकडे पाठ करून बाबांना म्हणाले, 'काका, मुलीला जरा बोलायला शिकवा. धंदा असा होत नाही.'

आता सूचनाबिचना बास.

फ्रिजचं औषध घेताना बर्फाची पिशवी मागा, मी देते, तिचे पैसे घेत नाही. पिशवी घेऊन सरळ घरी जा. वाटेत भाजी घेत, कट्ट्यावर गप्पा मारत बसू नका. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं इन्सुलिनही फेकूनच द्यावं लागतं. डॉक्टर डोस बदलत असतील तर सूट मिळते म्हणून तीन-तीन महिन्यांचा साठा करू नका. उरलं तर नुकसान तुमचं, ते दुसऱ्याच्या दंडात टोचून भरून काढायचं नसतं. फ्रिजचं औषध मी परत घेणार नाही. गाडीतलं नाही, फ्रिजमधलं नाही, कुणाच्याही ओळखीनं आणलेलं नाही. तुम्ही ते कुठे ठेवलं होतं हे मला बघता येत नाही, इतकं साधं आहे. पोरीला ताप असेल तर तिला डॉक्टरकडे न्या. काउंटरवर माझ्याशी अर्धा तास हुज्जत घालता, तेवढ्या वेळात नंबर लागून तपासूनही होतं. तुमच्या अंगात जाणारी वस्तू आहे ही, बिस्किटाचा पुडा नाही! पावसाळ्यात भिजलेला पुडा तुम्ही वाण्याकडून घ्याल का? नाही ना? मग इथेच कसं चालतं?

आणि बाबांना ऐकवायचं नाही. एवढ्या वयाचा माणूस गल्ल्यावर सुट्टे पैसे मोजत बसलाय, त्याचा तुमच्या खोक्याशी काय संबंध? उद्या काही वेडंवाकडं झालं तर एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, नोटीस माझ्या नावानं येणार आहे, लायसन्स माझं जाणार आहे. तेव्हा भांडायचं तर माझ्याशी भांडा, इकडे बघून. आणि येताना चिठ्ठी घेऊन या, पूर्ण, अंगठा न ठेवता.