जर्मन लोक, एलिस आयलंड आणि तो फिरणारा मेसेज

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात मजकूर असा: १९व्या शतकात लाखो शिकलेसवरलेले जर्मन स्वतःच्या हिमतीवर जहाजाने अमेरिकेला गेले, सगळे न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरले, तिथल्या क्लार्कने त्यांची नावं बदलून इंग्रजी करून टाकली, आणि आल्या आल्या इंग्रजी शिकून ते एका पिढीत पक्के अमेरिकन झाले. शेवटी "नाहीतर आजचे स्थलांतरित बघा" हा टोमणा. मला वाटतं त्या टोमण्यासाठीच वरचं सगळं रचलंय, आणि म्हणूनच राग येतो, कारण ज्यांनी खरंच तो प्रवास केला त्यांचे हाल यात पार पुसून टाकलेत.

आधी एलिस आयलंड, न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची. ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. जर्मन लोकांची सगळ्यात मोठी लाट होती १८८२ ची, त्या एका वर्षात साधारण अडीच लाख लोक आले. म्हणजे दहा वर्षं आधीच. १८५५ ते १८९० न्यूयॉर्कला येणारे बहुतेक लोक उतरायचे ते कासल गार्डनला, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला जुना गोल किल्ला आहे तिथे, डोनाल्ड ट्रम्पचे आजोबा १८८५ मधे आले तेही तिथेच. आणि १८५५ च्या आधी तर असं वेगळं केंद्रच नव्हतं, जहाज धक्क्याला लागलं की माणसं थेट रस्त्यावर, आणि तिथे 'रनर' म्हणजे लॉजवाल्यांचे दलाल टपून बसलेले, ते गोड जर्मन बोलायचे, हातातलं सामान ओढून घ्यायचे, महागड्या लॉजमधे नेऊन टाकायचे, पुढच्या प्रवासाची खोटी तिकिटं गळ्यात मारायचे. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी लुबाडायचं! कासल गार्डन उघडलं ते मुख्यतः या दलालांना लांब ठेवायला, म्हणून रेल्वेची तिकिटं, पैसे बदलून घेणं, चौकशी सगळं आतच.

शिवाय सगळे न्यूयॉर्कला आलेच नाहीत. जर्मनीतल्या ब्रेमन बंदराची जहाजं अमेरिकेतून तंबाखू आणि कापूस आणायची, तिकडे जाताना रिकामं जाण्यापेक्षा माणसं भरायची, त्यामुळे तंबाखूच्या बाल्टिमोरला आणि कापसाच्या न्यू ऑर्लिन्सला हजारो जर्मन उतरले, न्यू ऑर्लिन्सवाले पुढे मिसिसिपीतून बोटीने सेंट लुइसला. टेक्सासला जाणारे गॅल्व्हस्टनला.

नावं बदलल्याची गोष्ट सगळ्यांना आवडते, पण कागद कसे चालायचे ते बघा. १८१९ च्या कायद्याने कप्तानाला प्रवाशांची यादी अमेरिकन कस्टम्सकडे द्यावी लागायची. ती यादी जहाजवाले बनवायचे, अमेरिकेतला क्लार्क नाही. एलिस आयलंडवर सुद्धा नंतर तेच, इन्स्पेक्टर समोर आलेली यादी ताडून बघायचा, नवीन नाव द्यायचं त्याचं कामच नव्हतं. श्मिटचा स्मिथ झाला तो बहुतेक वेळा नंतर, कामाच्या ठिकाणी, दुकानाच्या पाटीवर, आणि बऱ्याचदा त्या माणसाने स्वतःच केला.

'शिकलेसवरलेले' हे कुठून आलं ते कळतं. जर्मनीतली १८४८ ची क्रांती फसल्यावर पळालेले वकील, पत्रकार, विद्यार्थी अमेरिकेत आले, त्यातलाच कार्ल शुर्त्स पुढे सिनेटर आणि मंत्री झाला. मोठी माणसं होती यात वादच नाही, पण ती काही हजार, आणि १८५० च्या दशकात आलेले जर्मन साडेनऊ लाख! बाकीचे कोण होते? नैऋत्य जर्मनीतल्या बाडेन, व्युर्टेम्बेर्गचे शेतकरी, जिथे बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाऊन तुकडे इतके बारीक झाले की पोट भरेना, त्यात १८४६-४७ ला बटाटा कुजला आणि धान्य महागलं. विणकर, सुतार, मोलकरणी. काही गावांनी तर गरिबांना पोसायला नको म्हणून गावाच्या खर्चाने जहाजात बसवून दिलं, हेसमधल्या ग्रोसत्सिमर्न गावाने १८४६ ला असे शेकडो लोक पाठवले. यात हिंमत नव्हती असं मी म्हणत नाही, पण हौसही नव्हती.

आता प्रवास, ज्यावर मेसेजमधे अर्धं वाक्य आहे. शिडाच्या जहाजाला सहा ते आठ आठवडे, वारा नसला तर तीन महिने सुद्धा. गरिबांची जागा खालच्या डेकवर, लाकडी फळ्यांच्या दुमजली बाकांवर चार-पाच जण दाटीवाटीने, वादळात वरची झाकणं बंद, म्हणजे उजेड नाही हवा नाही, ओकाऱ्या आणि ताप. ब्रेमनने १८३२ ला कायदा केला की जहाजवाल्याने ९० दिवस पुरेल इतकं अन्न भरलंच पाहिजे, तेव्हा इतर अनेक बंदरांतून जाणारे लोक स्वतःचं पीठमीठ घेऊन चढत होते. १८५८ ला हॅम्बर्गहून निघालेली 'ऑस्ट्रिया' ही आगबोट समुद्रात जळाली, का तर खालचा डेक शुद्ध करायला डांबराचा धूर करत होते तेव्हा आग लागली, साधारण साडेचारशे लोक गेले. आणि 'लाइबनित्स' नावाचं शिडाचं जहाज, १८६७ च्या नोव्हेंबरमधे हॅम्बर्गहून निघालं, जानेवारीत न्यूयॉर्कला पोचलं, ५४४ प्रवासी, त्यातले १०८ मेले. जहाजाची पाहणी करून रिपोर्ट लिहिणाऱ्यांत फ्रीडरिश काप होता, तो स्वतः १८४८ नंतर पळून आलेला जर्मन. पुढे आगबोटी आल्या आणि प्रवास दोन आठवड्यांवर आला, मरणं खूप कमी झाली, हेही खरं.

राहिलं इंग्रजी. न्यूयॉर्कमधे 'श्टाट्स-त्साइटुंग' हा जर्मन पेपर १८३४ ला सुरू झाला आणि पुढे शहरातल्या मोठ्या पेपरांत गेला. ओहायोने १८३९ ला कायदा करून सरकारी शाळांत जर्मन शिकवायची सोय केली. सिनसिनाटी, मिलवॉकीत चर्च, गायनमंडळं, तालमी, बिअरचे बाग सगळं जर्मनमधे, आणि तेव्हाही लोक चिडून म्हणायचे की हे कधी मिसळणारच नाहीत. (याच्या उलट टोकाची थापही फिरते, की एका मताने जर्मन ही अमेरिकेची राष्ट्रभाषा व्हायची राहिली. असं मतदानच झालं नाही. व्हर्जिनियातल्या जर्मनांनी १७९४ ला अमेरिकन संसदेला एवढीच विनंती केली होती की कायदे जर्मनमधेही छापा, आणि ४२ विरुद्ध ४१ जे मतदान झालं ते सभा तहकूब करण्यावर होतं.)

भाषा मागे हटली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धात, दबावाने. नेब्रास्काने १९१९ ला लहान मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली, १९२० मधे रॉबर्ट मायर नावाच्या मास्तरला दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून २५ डॉलर दंड झाला, आणि १९२३ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला.