एका परीक्षणाने वर्तनवाद संपला नाही, आणि मनाचा शोध संगणकाने लावला नाही

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि दीड-दोन मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये बोधनिक मानसशास्त्राच्या, म्हणजे स्मृती, अवधान (लक्ष), विचार यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेच्या, जन्माची एक ठरलेली गोष्ट फिरत असते. थोडक्यात ती अशी: वॉटसन आणि स्किनर या वर्तनवाद्यांनी, म्हणजे फक्त बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा असं मानणाऱ्यांनी, मनाला मानसशास्त्रातून हद्दपार केलं आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं मनाचं कोणी नाव काढलं नाही. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहून वर्तनवाद संपवला. त्याच सुमारास संगणक आला आणि मेंदू हाही एक संगणकच आहे हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. जॉर्ज मिलरने स्मृतीत सातच गोष्टी मावतात हे शोधून काढलं. १९६७ मध्ये उलरिक नाइसरने ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून तो या शाखेचा जनक. आणि आज समुपदेशक वापरतात ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, हे याच क्रांतीचं फळ.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ही गोष्ट खोडून काढणं अवघड जातं. पण तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या हातून मुख्य गोष्ट निसटते. या शाखेचा पाया म्हणजे एक पद्धत आहे: जे दिसत नाही त्याबद्दल, जे मोजता येतं त्यावरून, काटेकोरपणे अनुमान काढायचं. ती पद्धत कोणा एकाने एका वर्षात आणलेली नाही, आणि ती घडवण्यात वर्तनवाद्यांचाही हात आहे.

आधी हद्दपारीचं पाहू. वॉटसनचा १९१३ चा जाहीरनामा कडक होता यात वाद नाही. पण एडवर्ड टोलमन स्वतःला वर्तनवादीच म्हणवत असे, आणि बर्कलीच्या प्रयोगशाळेत त्याने उंदरांवर जे केलं ते या गोष्टीत बसतच नाही. १९३० साली त्याने आणि हॉन्झिकने उंदरांचे तीन गट चक्रव्यूहात सोडले. एका गटाला वाट संपली की रोज खाणं मिळे, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला दहा दिवस काहीच नाही आणि अकराव्या दिवसापासून खाणं. तिसऱ्या गटाच्या चुका खाणं सुरू झाल्यावर लगेच इतक्या घसरल्या, की पहिल्या दिवसापासून बक्षीस मिळवणाऱ्या उंदरांची त्यांनी बरोबरी केली. म्हणजे ते दहा दिवस उंदीर नुसते भटकत नव्हते. बक्षिसाशिवायही ते वाटा शिकत होते, फक्त ते शिकणं वर्तनात उतरत नव्हतं. टोलमनने १९४८ च्या लेखात यालाच मनातला नकाशा म्हटलं. वर्तनवादाच्या ऐन भरात, वर्तनवाद्यांच्याच लाडक्या प्राण्यावर, वर्तनवाद्यांच्याच काटेकोर पद्धतीने झालेलं हे काम आहे. याला वगळून बोधनिक मानसशास्त्राचा उगम सांगणं मला तरी शक्य वाटत नाही.

स्किनरनेही मनातल्या घटना नाकारल्या नव्हत्या. १९४५ च्या लेखात तो दातदुखीसारख्या, फक्त ज्याची त्यालाच जाणवणाऱ्या अनुभवांची सरळ चर्चा करतो. त्याचा आक्षेप वेगळा होता: अशा घटनेला वर्तनाचं कारण ठरवलं की स्पष्टीकरण दिल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात काहीच उलगडत नाही. हा आक्षेप पटो न पटो, पण त्याला उत्तर द्यायचं तर तो नीट मांडून द्यावं.

शिवाय ‘कोणी मनाचं नाव काढलं नाही’ हे फार तर अमेरिकेतल्या काही विद्यापीठांपुरतं खरं आहे. त्याच काळात केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट लोकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन, ती आठवून सांगताना ते तिला आपल्या ओळखीच्या साच्यात कशी बसवतात हे तपासत होता. त्याचं स्मृतीवरचं पुस्तक १९३२ चं. जिनिव्हात पियाजे मुलांच्या विचारांचा अभ्यास करत होता, जर्मनीत अनुभवाकडे तुकड्यांऐवजी एकसंध आकृती म्हणून पाहणारी गेस्टाल्ट परंपरा होती, मॉस्कोत व्हिगोट्स्की आणि लुरिया होते. या मंडळींना मन परत आणायची गरजच पडली नाही, कारण त्यांनी ते कधी सोडलंच नव्हतं.

आता चॉम्स्की. त्याचं परीक्षण फार महत्त्वाचं आहे. उद्दीपक, प्रतिसाद, प्रबलन (बक्षिसाने वर्तन पक्कं होणं) हे शब्द प्रयोगशाळेत नेमके असतात, पण माणसाच्या भाषेला लावले की त्यांचा नेमकेपणा उडून जातो आणि मागे फक्त शास्त्रीय वाटणारी परिभाषा उरते, हा त्याचा मुद्दा आजही वजनदार आहे. पण कालक्रम पाहा. ब्रूनर, गुडनाउ आणि ऑस्टिन यांचं विचारप्रक्रियेवरचं पुस्तक १९५६ चं. सप्टेंबर १९५६ मध्ये एमआयटीत माहिती सिद्धांतावर परिसंवाद झाला, तिथे मिलर, चॉम्स्की आणि संगणकाकडून विचारप्रक्रियेची नक्कल करवून घेणारी नेवेल-सायमन ही जोडी एकाच व्यासपीठावर होती. मिलरने पुढे या शाखेच्या जन्माची तारीखच त्या परिसंवादातला एक दिवस, ११ सप्टेंबर १९५६, अशी सांगितली. त्याच्याही आधी, १९४८ साली, मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्लीने कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या एका परिसंवादात दाखवून दिलं होतं की बोलणं किंवा पियानोवर बोटं चालवणं ही प्रतिसादांची साधी साखळी असू शकत नाही, त्यामागे आधीच आखलेला क्रम असावा लागतो. १९५९ चं परीक्षण आलं तेव्हा काम केव्हाच सुरू झालेलं होतं.

आणि वर्तनवाद मेला म्हणावं, तर वर्तनवाद्यांचं वर्तनाच्या प्रायोगिक विश्लेषणाला वाहिलेलं नियतकालिक १९५८ मध्ये सुरू झालं, उपयोजित विश्लेषणाचं १९६८ मध्ये, आणि दोन्ही आजही निघतात. मॅककॉर्कोडेल या वर्तनवाद्याने १९७० मध्ये चॉम्स्कीला सविस्तर उत्तरही दिलं. स्वतः स्किनर तर ऑगस्ट १९९० मध्ये, मृत्यूच्या आठ दिवस आधी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात उभा राहून बोधनिक विज्ञानावर टीका करत होता. संपलेल्या माणसाचं हे वागणं नव्हे.

संगणकाच्या मुद्द्याला जास्त जागा देतो, कारण खरा इतिहास इथेच सर्वांत जास्त झाकला जातो. मनातलं काम टप्प्याटप्प्याने चालतं आणि प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो, ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डोंडर्स या संशोधकाने १८६८ मध्येच ती वापरली. कोणता उच्चार कानावर पडणार हे आधीच ठाऊक असताना तो परत उच्चारायला किती वेळ लागतो, आणि अनेक उच्चारांपैकी कोणताही येऊ शकतो अशा वेळी किती, हे त्याने मोजलं. दोन्हींची वजाबाकी केली की उरतो तो ओळखण्याचा आणि निवडण्याचा वेळ. ही वजाबाकी कच्ची आहे हे नंतर दिसून आलं, पण विचार तोच टिकला. १९६६ मध्ये सॉल स्टर्नबर्गने लक्षात ठेवलेल्या अंकांच्या यादीत एखादा अंक आहे का हे ओळखायला लावलं, तेव्हा यादीत एक अंक वाढला की उत्तराला सुमारे ३८ मिलिसेकंद जास्त लागत होते. संगणकाच्या रूपकाने लोकांना बोलायला भाषा दिली. मोजायची रीत मात्र जुनीच होती.

दुसरं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. केंब्रिजच्या केनेथ क्रेकने १९४३ मध्ये लिहिलं की मेंदू बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि कृती करण्याआधी ती चालवून पाहतो. त्याच्यासमोर दाखला म्हणून लॉर्ड केल्विनचं भरती-ओहोटीचं भाकीत करणारं यंत्र होतं: चाकांचं, कप्प्यांचं. इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा लोकांपुढे आलेलाच नव्हता. युद्धाच्या काळात क्रेकने थकलेल्या वैमानिकांच्या चुका अभ्यासण्यासाठी खोटा कॉकपिट उभारला आणि तोफेचा नेम धरणाऱ्या माणसाकडे नियंत्रण यंत्रणेचा एक भाग म्हणून पाहिलं. मे १९४५ मध्ये, युरोपात युद्ध संपत असतानाच, सायकलवरून जाताना अपघात होऊन तो गेला. वय ३१. केंब्रिजमधल्या त्याच्याच संशोधन संस्थेतल्या नॉर्मन मॅकवर्थपुढे ब्रिटिश हवाई दलाचा प्रश्न होता: रडारवर बसलेल्या माणसांच्या नजरेतून पाणबुड्यांच्या खुणा का सुटतात? त्याने कोऱ्या तबकडीवर सेकंदाला एक टप्पा सरकणारा काटा बसवला. अधूनमधून तो एकदम दोन टप्पे उडी मारी, ती उडी दिसली की कळ दाबायची. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या नजरेतून सुटू लागल्या. अवधान ही वेळेबरोबर घसरणारी, मोजता येणारी गोष्ट आहे हे त्या काट्याने दाखवलं.

याच संस्थेतल्या डोनाल्ड ब्रॉडबेंटने १९५८ मध्ये अवधानाचा गाळणीचा सिद्धांत मांडला: ज्याकडे लक्ष आहे तोच संदेश मन आत घेतं, बाकीचे आधीच गाळून टाकतं. त्याच्यामागे कॉलिन चेरीचा १९५३ चा प्रयोग होता: दोन कानांत दोन वेगळे संदेश, एक मोठ्याने म्हणत जायचा. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाऐवजी बाईचा झाला तर लोकांना कळे, पण भाषा इंग्रजीऐवजी जर्मन झाल्याचं त्यांच्या लक्षात येत नसे. ब्रॉडबेंटची गाळणी जशीच्या तशी टिकली नाही. त्यात मोठी दुरुस्ती केली ती अ‍ॅन ट्रीझमनने, आणि तिचं नाव या फिरत्या गोष्टीत कुठेच नसतं, याचा मला मनापासून राग येतो. ब्रेंडा मिल्नरचंही नसतं. अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणारा एच. एम. हा रुग्ण, आरशात पाहून आकृती गिरवण्याचं कौशल्य मात्र दिवसागणिक शिकत गेला, हे तिने दाखवलं. स्मृती एक नसून अनेक आहेत याचा हा पुरावा संगणकाकडून आला नाही, रुग्णाशेजारी बसून मिळाला.

मिलरच्या सातबद्दल त्याचा १९५६ चा लेखच वाचावा. सात हा आकडा दोन वेगळ्या मर्यादांमध्ये दिसतो आणि तो निव्वळ योगायोग असू शकतो, असं तो स्वतःच शेवटी म्हणतो. त्याचा खरा शोध गठ्ठे बांधण्याचा आहे. आपण दहा आकडी मोबाइल नंबर पाच-पाच करून सांगतो, तसंच. त्याच लेखातल्या सिडनी स्मिथ नावाच्या संशोधकाने शून्य-एकच्या ओळी मोठ्या अंकांत रूपांतरित करायची सवय करून घेतली आणि असे ४० अंक एका दमात परत म्हणून दाखवले. मर्यादा गठ्ठ्यांच्या संख्येवर आहे. आणि गठ्ठे बांधू दिले नाहीत तर ती चारच्या आसपास येते, हे नेल्सन कोवानने २००१ मध्ये अनेक प्रयोगांच्या आधारे मांडलं.

नाइसरला जनक म्हणण्याबद्दल फार बोलायला नको. त्याने विखुरलेलं काम एका पुस्तकात आणलं, ते मोठंच काम होतं. पण याच नावाचं पुस्तक थॉमस व्हर्नर मूर यांनी १९३९ मध्येच लिहिलेलं आहे. आणि १९७६ च्या पुस्तकात नाइसरनेच या शाखेवर टीका केली, की प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कामांत अडकून तिने रोजच्या जगण्याकडे पाठ फिरवली आहे.

राहिली सीबीटी. महाराष्ट्रात हा गोंधळ जास्त महत्त्वाचा, कारण कि. मो. फडके यांच्या कामामुळे आल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ (अविवेकी समजुती बदलायला शिकवणारी) उपचारपद्धती मराठी वाचकांच्या चांगली ओळखीची आहे. एलिसने ती १९५० च्या दशकाच्या मध्यात मांडली, आणि तिचं मूळ तो एपिक्टेटससारख्या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांत सांगत असे. आरन बेक मनोविश्लेषणात तयार झालेला मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं ऐकता ऐकता त्याला त्यांच्या आपोआप येणाऱ्या नकारात्मक विचारांची जाणीव झाली. दोघांपैकी कोणीही ब्रॉडबेंटच्या गाळणीतून किंवा मिलरच्या गठ्ठ्यांतून उपचार काढले नाहीत. उलट सीबीटीतला जो भाग रुग्णाला भीतीच्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरं जायला लावतो, घरी करायला कामं देतो, बदल मोजून नोंदवायला सांगतो, तो वर्तनोपचारातून आलेला आहे. म्हणजे ज्या वर्तनवादाला ही गोष्ट १९५९ मध्ये मूठमाती देते, त्याची तंत्रं आज ठाण्या-पुण्यातला समुपदेशक रोज वापरतो.