छाप्यात सापडणाऱ्या प्रामाणिक ग्राहकासाठी काही सूचना

चित्रपटांच्या अस्सल डीव्हीडी पूर्ण किंमत मोजून विकत घेण्याची खोड ज्यांना अजूनही सुटलेली नाही, त्यांनी चोरट्या प्रतींविरुद्धची मोहीम जोरात असताना बाजारात कसे वागावे, याविषयी चार हिताच्या गोष्टी सांगणे मला नुकतेच अगत्याचे वाटू लागले आहे.

पहिली गोष्ट पावतीची. ती जन्मदाखल्यासारखी जपावी आणि सदैव खिशात बाळगावी. कारण विक्रेत्याच्या फळीसमोर आपण नुसते उभे असलो, तरी छापा पडताच आपल्या पिशवीतला माल हा त्या फळीवरचाच माल आहे, असे पथकाला तत्काळ उमगते. माझ्या पिशवीतल्या, वेष्टनही न फोडलेल्या डीव्हीडी अशाच मुद्देमालात जमा झाल्या. त्या अस्सल आहेत असे मी सांगितले, तेव्हा ‘सगळे हेच सांगतात’ असे उत्तर मिळाले.

छायाचित्र काढले जात असताना जप्त मालाच्या ढिगाजवळ रेंगाळू नये.

फळीवरचे नवे चित्रपट एकाएकी नाहीसे होऊन केवळ जुने, पडेल चित्रपट उरले असतील, तर त्या दिवशी तिकडे फिरकू नये. छाप्याची गुप्त वार्ता आपल्याखेरीज सर्वांना पोहोचलेली असते.

अस्सल-नकलीची चर्चा तर पथकाशी मुळीच करू नये. डीव्हीडी उलटी करून उजेडात धरली, तर कारखान्यात साच्यातून काढलेली चकती बहुधा चंदेरी दिसते आणि घरच्या यंत्रावर भरलेलीवर अनेकदा जांभळट झाक असते. शिवाय मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर पुष्कळदा ‘आयएफपीआय’ या अक्षरांनी सुरू होणारा बारीक कोड असतो. चकती कोणत्या कारखान्यातून निघाली हे कळावे, म्हणूनच फिलिप्स ही कंपनी आणि आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९४ मध्ये ही पद्धत आखली. पण हे पाहायला मान वाकवावी लागते, आणि पथकाला तेवढी सवड नसते! मलेशियात २००७ मध्ये लकी आणि फ्लो या दोन लॅब्रॅडोर श्वानांना चकत्यांमधील पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा वास ओळखून लपवलेले साठे शोधण्याच्या कामी लावले होते. अस्सल आणि नकली यांतला फरक त्यांनाही कळत नव्हता, परंतु तो कळतो असा आव तरी त्यांनी कधी आणला नाही. आमच्या वाट्याला आलेल्या पथकाने वासही घेतला नाही. मोजले, पोत्यात भरले, आकडा मोठा झाला, पुरे!

अहो, मोहीम कशासाठी असते? जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराचे कलम ६१ फौजदारी कारवाईची सक्ती करते, ती जाणूनबुजून आणि व्यापारी प्रमाणावर केलेल्या चोरीसाठी. हजारो प्रती छापणारी यंत्रे फळीवर मावत नाहीत. त्या फळीवाल्याला आज उचललेत, उद्या त्याच जागी दुसरा बसेल आणि माल पूर्वीच्याच ठिकाणाहून येईल, हे तुम्हाला ठाऊक नाही असे कोण मानील? रोडरोलरखाली चकत्या चिरडताना टाळ्या मिळतात, म्हणून पुरावाच चिरडायचा, ही कसली कारवाई? आधी ते कडे भिंगाखाली धरा आणि त्यावरचा कोड वाचा. तो खरवडलेला असेल, तर कोणी खरवडला, हे विचारायला त्या छापखान्याच्या दारापर्यंत तरी जा.