खो-खो बंद, पेव्हर ब्लॉक चालू

शाळेच्या पालक ग्रुपवर ‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मधल्या सुट्टीत पकडापकडी, लंगडी, खो-खो खेळण्यास मनाई’ अशी सूचना आली की खाली पन्नास जण हात जोडतात. तो इमोजी टाकायच्या आधी एकदा शाळेत जा आणि पायाखालची जमीन बघा. शहरातल्या बऱ्याच शाळांमध्ये तिथे पेव्हर ब्लॉक दिसतील. चिखल होत नाही, बस उभी करता येते, कुणाचा तरी निधी मिळतो, उद्घाटनाचा फोटोही छान येतो. मग पोरं त्यावर पडतात, हात मोडतो, आणि बंदी खेळावर येते. ब्लॉक जागच्या जागी.

पळताना तोल गेला की मूल हात पुढे टाकतं. अंगाचा सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. शाळकरी वयातलं हे अगदी नेहमीचं फ्रॅक्चर. भुसभुशीत मातीत तळवा थोडा रुततो, थोडा घसरतो, म्हणजे थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जागा मिळते. थांबायचं अंतर दुप्पट झालं की हाडावरचा जोर निम्मा होतो. सिमेंटचा ब्लॉक दबत नाही, सगळा हिशोब हाडालाच चुकता करावा लागतो. त्यात ब्लॉकखालची वाळू नीट दाबलेली नसली तर एखाद-दोन पावसाळ्यांत वाहून जाते, एक ब्लॉक बसतो, शेजारचा वर राहतो. बोटभर उंचीची ती कड लंगडी घालणाऱ्याच्या पायाला बरोबर सापडते. शाळेच्या काळ्या बुटांचे तळ गुळगुळीत, आणि बूट काढावेत तर मार्चपासून ब्लॉक तव्यासारखे तापतात.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ते सामने मॅटवर झाले, हे मात्र कुणी पाहिलं नाही. वरच्या पातळीवरचे खेळाडूसुद्धा सूर मारायला मऊ जागा मागतात, आणि आपण तिसरीच्या पोराला काँक्रीटवर सोडतो.

पूर्ण मैदान उकरायची गरज नाही. कबड्डीचं महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटर असतं. चारी बाजूंना दोन मीटर मोकळे सोडले तर 16 बाय 12 चा तुकडा पुरतो, आणि लंगडीला, छोट्या खो-खोलाही तोच चालतो. पहारीने ब्लॉक उचला, खाली मुरमाचा थर दाबा, एका बाजूला शंभराला एक असा उतार द्या, म्हणजे 16 मीटरला 16 सेंटीमीटर. वर चाळलेली लाल माती 15 सेंटीमीटर. हिशोब केला तर सुमारे दहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती भरते. दाबल्यावर बसते म्हणून बारा मागवा. काळी माती घालू नका. पावसात चिकटते, उन्हात भेगाळते आणि भेगेत पाय मुरगळतो. रोज सकाळी हलकं पाणी मारायचं, आठवड्यातून एकदा मुलांनाच रांगेत चालवून खडे वेचून घ्यायचे. रेषांसाठी चुन्याची फक्की वापरू नका, डोळ्यात गेली तर भाजते. रांगोळी चांगली.

खो-खोत खरी भानगड खांबाची असते. नियमाप्रमाणे तो साधारण 120 सेंटीमीटर उंच, 9 ते 10 सेंटीमीटर व्यासाचा, गुळगुळीत हवा. शाळेत बहुधा लोखंडी पाइप असतो, वरची कड धारदार, मध्ये वेल्डिंगचा उंचवटा. त्याला काथ्या गुंडाळू नका. खांब धरून वळताना तळहात सोलून निघतो. कड घासून घ्या, हलतो का ते बघा. आणि खांब काढून ठेवला की जमिनीतली नळी उघडी राहते, त्यात टाच अडकते. तिला झाकण लागतं. दोनशे रुपयांचंही काम नाही, पण ते कुणाचंच काम नसतं. सुट्टीत सूर मारायला बंदी घाला, ती योग्य आहे. पाटीवर, म्हणजे मधल्या रांगेत, बसलेल्याला खो देताना धक्का नाही, नुसता स्पर्श. एवढ्यावर खेळ सुरक्षित होतो.

सगळे खेळ सारखे नसतात, हेही मान्य करायला हवं. साखळीची पकडापकडी खरोखर वाईट आहे. साखळी सहा-सात जणांची झाली की मधले वळतात आणि टोकाचं पोर गोफणीतल्या दगडासारखं फेकलं जातं. चार झाले की साखळी तोडून दोन-दोनच्या दोन करायच्या, हा नियम आधीच सांगून ठेवावा. विषामृतात विष मिळालेला अमृत मिळेपर्यंत जागेवर उभा राहतो, त्यामुळे एका वेळी पळणारे कमी असतात. गर्दीच्या मैदानाला हा खेळ चांगला. डबा ऐसपैसला लपायच्या जागा आधी ठरवा, पाण्याची टाकी आणि जिना वगळून.

आता गर्दी. 40 बाय 30 मीटरच्या मैदानावर 600 मुलं एकाच वीस मिनिटांत सोडली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन चौरस मीटर येतात. सातवीचा दांडगा मुलगा आणि पहिलीतली मुलगी समोरासमोर आदळतात ते यामुळे. सुट्टी चार तुकड्यांत दिली तर तीच जागा आठ चौरस मीटर होते. एक रुपया खर्च नाही, फक्त वेळापत्रक बदलायचं, आणि नेमकं तेच जिवावर येतं.

गळ्यातलं आयकार्ड खेळायच्या आधी काढून घ्या. मागून कुणी दोरी धरली की गळ्याला फास बसतो. ओढणी कमरेला बांधा. सगळ्यात जास्त भीती वाटायला हवी ती हँडबॉलच्या सुट्या गोलपोस्टची: मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि तो लोखंडी सांगाडा पुढे, अंगावर येतो. तो जमिनीत पक्का केलेला नसेल तर आजच आडवा करून ठेवा. गंमत म्हणजे बंदीच्या सूचनेत याचा उल्लेख कधीच नसतो.

झोपाळा, घसरगुंडी, लोंबकळायच्या दांड्यांखाली वाळू 30 सेंटीमीटर हवी. पाय लागून नेमकी पडायच्या जागीच ती उडते, म्हणून दर आठवड्याला ओढून सारखी करावी लागते. उंचावरून पडून कोपराचं हाड मोडतं ते मनगटापेक्षा फार गुंतागुंतीचं.

एवढं करूनही कुणीतरी पडणारच. हात वाकडा दिसला तर चोळायचा नाही, ओढायचा नाही. जाड पुठ्ठा खाली घेऊन ओढणीने बांधा आणि दवाखान्यात न्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर पालक येईपर्यंत थांबू नका. पक्का दात मुळासकट निखळला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरा, घासू नका, थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचवा.

पुढच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा: ब्लॉकखाली काय आहे, सुट्टी किती तुकड्यांत होते, गोलपोस्ट कशाने बांधलाय. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ती येईपर्यंत बंदीच्या सूचनेवर सही करू नका.