बोकड विकायचाय? आधी पिन पाठ करून ठेवा

ऑनलाइन जनावर विकताना फसवणूक कशी टाळायची याचे मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर ढीगभर आले असतील, आणि ते टाकणाऱ्या काकांचे स्वतःचे पैसे दोनदा गेलेले असतात ही गोष्ट वेगळी. पण व्यवस्थित फसायचं कसं हे कोणी सांगत नाही. म्हटलं आपण सांगावं, अनुभव ताजा आहे, 28,000 रुपयांना पडलाय, वाया कशाला घालवायचा.

सगळ्यात आधी घाई पाहिजे. आमच्याकडे ती मामाने पुरवली. नवसाचा म्हणून त्याने तुळजापूरकडून एक उस्मानाबादी बोकड टेम्पोत घालून आणला (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं अजून तेच आहे), मग इथे आल्यावर मामीने सांगितलं की देवीला नारळ चालतो, आणि मामा नारळ घेऊन परत गेला. बोकड राहिला आमच्याकडे, भांडुपला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिसऱ्या दिवशी त्याने बोर्डावरची वार्षिक सभेची नोटीस खाल्ली, अजेंड्यासकट. चेअरमननी रविवारपर्यंतची मुदत दिली. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस जाहिरातीत 'अर्जंट' लिहिणार नाही तर काय लिहिणार. तुम्हीही लिहा. सोबत मोबाईल नंबर, बिल्डिंगचं नाव, विंग, सगळं टाका, आणि फोटोत मागे आपल्या गाडीची नंबरप्लेट स्पष्ट दिसू द्या.

मग फोन येतील. त्यातल्या खऱ्या गिऱ्हाइकाला ओळखून ताबडतोब कटवायचं. मला पहिला फोन गोवंडीहून आला. बकरी ईदच्या आधी शेजारी देवनारच्या बाजारात लाखावर बोकड उतरतात, त्या माणसाचं आयुष्य त्यात गेलेलं. दात किती? खच्ची केलाय का? काट्यावर वजन केलंय की अंदाजे सांगताय? बसल्यावर श्वास लागतो का? मी म्हटलं 28 किलो, 14,000. तो म्हणाला 11 ला देत असाल तर संध्याकाळी येतो, तोंड उघडून बघतो, कॅश देऊन घेऊन जातो. किती हा संशयी स्वभाव! बोकडाचं तोंड उघडून बघणार म्हणे. मी ठेवला फोन.

दुसरा फोन आला त्याला म्हणतात सज्जन माणूस. "सर, हम आर्मी से बोल रहे हैं." पोस्टिंग जैसलमेर. दात विचारले नाहीत, वजन विचारलं नाही, नर की मादी तेही विचारलं नाही. 14 म्हटलं तर 14 ओके. दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर आयकार्ड, कँटीनचं कार्ड, युनिफॉर्ममधला फोटो, सगळं हजर, जे खरा जवान अनोळखी माणसाला कधीच पाठवणार नाही, पण एवढा विचार आपण करायचा नसतो. माल उचलायला आर्मीची गाडी येणार. बायको मागून म्हणाली, अहो पण जैसलमेरला बोकड कशाला नेतायत इथून, तिकडे काय बोकडांचा दुष्काळ आहे का. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. देशाचा प्रश्न होता.

आता मुख्य भाग, नीट लक्ष द्या. तो म्हणतो आमच्या खात्याची सिस्टिम वेगळी आहे, आधी तुम्ही आम्हाला 5 रुपये पाठवा, व्हेरिफाय होईल. पाठवले. लगेच 10 आले. दुप्पट! इथे छातीत जे काही होतं ना, ते जपून ठेवा, पुढे तेच कामाला येतं. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करा, 14,000 जमा होतील. आता कोड माझ्याच फोनमध्ये, स्कॅन कशाने करणार, तर तोच प्रेमाने सांगतो, सर घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा, मग आपल्या फोनने स्कॅन करा. केला. स्क्रीनवर 14,000 आले, खाली बटणावर मोठ्या अक्षरांत 'पे'. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आपल्याला पे होतंय. पिन मागितला. टाकला. टुंग. चौदा हजार गेले.

यूपीआयमध्ये पैसे यायला पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही, पिन लागतो तो फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना (बॅलन्स बघायलाही लागतो, पण तो बघतोय कोण). एवढं एक वाक्य डोक्यात राहिलं तर तुम्ही फसू शकणार नाही, म्हणून कृपया लगेच विसरून जा. एकमेकांकडे पैसे मागायची ती कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली तेव्हा मला जरा काळजी वाटली होती, आता सामान्य माणसाने फसायचं कसं. पण क्यूआर आहे तोवर घाबरायचं कारण नाही.

मी फोन केला, साहेब, पैसे कट झाले. तो माझ्यापेक्षा जास्त हळहळला. "सर्वर एरर है सर, रिफंड का कोड भेजता हूं." दुसरा कोड, पुन्हा पिन, पुन्हा टुंग. तिसऱ्या वेळी थांबलो. अक्कल आली म्हणून नाही, बॅलन्स संपला म्हणून.

हे जमत नसेल तर इतर सोयी आहेत. दहा आकडी नंबरवरून 'युवर अकाउंट क्रेडिटेड 1,40,000' असा मेसेज येईल, मागोमाग रडवेला फोन, भाऊ एक शून्य जास्त पडलं, जास्तीचे परत करा ना. खात्यात आलेत का ते बघत बसू नका, माणुसकी महत्त्वाची. किंवा तो स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगेल, टाका, म्हणजे ओटीपी वाचून दाखवायचा त्रास वाचतो. आणि घरातला हिरवा पोपट विकायला काढत असाल तर थांबा, तो 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, तिथे समोरच्याने फसवायच्या आधी आरोपी तुम्हीच असता.

पैसे गेल्यावर काय करायचं? लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करतात म्हणे, आणि cybercrime.gov.in ला तक्रार टाकतात, म्हणजे पैसे ज्या खात्यात पडले तिथेच अडकवता येतात. पण आपण आधी जेवून घ्यायचं, लाजेने रात्रभर कोणाला सांगायचं नाही, तोवर पैसे या भाड्याच्या खात्यातून त्या खात्यात पाचसहा उड्या मारतात. सकाळी गुगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधायचा आणि पहिला दिसेल तो लावायचा, तो बहुतेक त्याच जवानाचा चुलत भाऊ उचलतो आणि रिफंडसाठी पिन विचारतो. बँकेत गेलो तर मॅडमनी शांतपणे सांगितलं की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर पैसे परत, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये केला, पण चूक तुमची किंवा बँकेची नसेल तेव्हाचा. पिन कोणी टाकला? मी टाकला. दोनदा? दोनदा.

शेवटी गोवंडीवाल्यालाच फोन केला. आला, तोंड उघडलं, दोन दात बघितले, पाठीवर हात दाबला, म्हणाला 28 नाही, 24 भरेल, आणि 9,500 मोजून ठेवले. सोसायटीचे लोक टाळ्या वाजवायचे बाकी होते.

काल नाशिकहून मेहुणीचा फोन आला. म्हणाली, भाओजी, एक जाहिरात पाठवते, बघा जरा. शुद्ध जमनापारी बोकड, फक्त 6,000, गाडीभाडं आधी पाठवा. फोटोत आमचा काळा उस्मानाबादी, तोंडात अर्धी नोटीस, मागे माझी नंबरप्लेट. खाली लिहिलंय, अर्जंट सेल, ओनर आर्मीत आहे, पोस्टिंग जैसलमेर.