टेप कपाटातच ठेवा

नवा स्टेप डेक, म्हणजे ज्याचा डेक (माल ठेवायचा ओटा) पुढे उंच आणि मागे पायरी उतरून खाली असतो तो ट्रेलर, घ्यायचं ठरलं म्हणता? उत्तम. आता सगळ्यात आधी रंग ठरवा. ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिनाचं डोकं, निळा आहे, तर ट्रेलरची चौकट काळी बरी दिसेल की निळीच, यावर चार रात्री घालवा. मित्रांना फोटो पाठवा, घरच्यांची मतं घ्या. मधेच कोणी विचारलं की यावर माल कोणता लादणार, तर "मिळेल तो" असं सांगायचं आणि परत रंगाकडे वळायचं.

खालच्या डेकची उंची विचारूच नका. साडेबावीस इंची टायरवर डेक साधारण ४२ इंचांवर बसतो, साडेसतरा इंचीवर ३८ च्या आसपास. चार इंचांनी काय होतंय! मोठा टायर कमी तापतो, जास्त टिकतो, अमेरिकेच्या कुठल्याही हायवेवर मध्यरात्री मिळतो. विक्रेता हेच सांगतो, आणि गंमत म्हणजे यातलं एकही वाक्य खोटं नाही. मीही मान डोलावली होती. "सगळे हेच घेतात," असंही तो म्हणाला होता.

मग गेल्या मंगळवारी मी उभा होतो तसे एखाद्या आवारात उभे राहा. माल मिळवून देणाऱ्या ब्रोकरने फोनवर, लादायच्या यंत्राची उंची "दहा फूट" सांगितलेली. त्यांच्या गावी इंच नसतात. दहा फूट अधिक साडेतीन फुटांचा डेक, झाले साडेतेरा. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत मालासकट उंचीची मर्यादा नेमकी तेवढीच, १३ फूट ६ इंच. पश्चिमेला बऱ्याच राज्यांत १४ फूट चालतात, पण यंत्राला पूर्वेलाच जायची हौस. प्रत्यक्षात टेप लावली तर यंत्र १० फूट २ इंच. दोन इंच! बोटाची दोन पेरं! आता वाटेतल्या प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना काढा, त्यांनी आखून दिलेल्या रस्त्यानेच जा, अंधार पडला की बहुतेक ठिकाणी थांबा. तिथल्या एका शहाण्याने सुचवलं, सस्पेन्शनची हवा सोड, बसेल खाली. बसेल की! आणि पुढचे सहाशे मैल एक्सल रबरी ठोकळ्यांवर आपटत जाईल, मग यंत्रही खिळखिळं आणि मीही. चिडून माझाच डेक मोजला, तर तो ४२ सुद्धा नाही, साडेबेचाळीस. माझ्या ट्रॅक्टरचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर जिच्यावर टेकतो ती जोडणीची तबकडी, उंच, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर. हे माहितीपत्रकात नसतं, कारण माहितीपत्रकाला तुमचा ट्रॅक्टर माहीत नसतो. तुम्हाला तो माहीत असायला हवा होता. म्हणजे मला.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही उंचीचं काही बोलला नव्हता." तासाभराने साडेसतरा टायरवाला एकजण आला, यंत्र चढवलं, १३ फूट ४ इंच भरलं, चार साखळ्या आवळून निघूनही गेला. जाताना हात केला त्याने. मीही केला.

असो. पुढच्या सूचना.

लांबी ५३ फूटच घ्या, मोठी ती चांगली. किंगपिनपासून, म्हणजे ट्रॅक्टरला अडकणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीपासून, शेवटच्या एक्सलपर्यंत ४० फुटांची कॅलिफोर्नियाची अट कुणी दाखवली तर तिकडे जायचंच नाही म्हणा.

दोन एक्सलमधलं अंतर "दहा फुटांच्या आसपास" असं लिहून द्या. जवळच्या जोडीला वजनाची मर्यादा ३४,००० पौंड आणि दहा फूट लांब ठेवलेल्या जोडीला ४०,०००, हा फरक कागदावरचा आहे. काट्यावर वाद नको म्हणून १० फूट २ इंच असं आकड्यात लिहून घेणारे लोक भित्रे. पुढच्या एक्सलची हवा सोडायचा व्हॉल्व्हही नको. अरुंद आवारात वळताना टायर घासून जातात, तेवढेच नवे घ्यायला मिळतात.

विंच, म्हणजे पट्टे आवळायच्या चरख्या, कुठल्या बाजूला हवेत, सरकते की पक्के, ते कारखान्याला ठरवू द्या. त्यांनाच तर रोज पट्टे बांधायचे असतात.

चौकट ॲल्युमिनियमची घ्या, लोखंडापेक्षा दोन-तीन हजार पौंड हलकी, तेवढा माल जास्त. किंवा लोखंडाची घ्या, जड यंत्राखाली कमी लवते. किंवा दोन्ही मिसळून घ्या आणि जिथे दोन धातू एकमेकांना लागतात तिथे हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ काय करतं ते तिसऱ्या वर्षी वाकून बघा. तुम्ही काय वाहणार हे माहीत असतं तर यातलं एक निवडता आलं असतं, पण आपण ते "मिळेल तो" वर सोडलंय ना.

साखळी अडकवायच्या जागा कमीत कमी ठेवा. चाकांवर किंवा रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या १०,००० पौंडांवरच्या यंत्राला निदान चार बांधण्या हव्यात असा नियम आहे. चारातला एक कोपरा हमखास अशा जागी येतो जिथे साखळी अडकवायला काहीच नसतं. मग तुम्ही, टॉर्च आणि पाऊस.

आता पुरे. गेल्या महिन्याभरात तिघांनी मला फोन करून विचारलं, "नवा ट्रेलर कसा आहे?" तिघांनीही रंग विचारला. एकाने दिव्यांची संख्या विचारली. डेक किती उंच, खालचा डेक किती लांब, पायरीपासून पहिल्या एक्सलपर्यंत वजन कुठे बसतं, एकानेही नाही! अरे, गेल्या वर्षभराच्या बिलट्या तुमच्या घरात पडल्यात. काढा त्या. कुठल्या मालाची उंची किती होती, लांबी किती, कुठला नाकारावा लागला, लिहा एका कागदावर. सर्वांत उंच मालात डेकची उंची मिळवा. ती डेकची उंची स्वतःच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रेलरची घ्या, छापलेली नको. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते न करता तुम्ही पुढची दहा वर्षं ज्याचे हप्ते फेडायचे त्या कागदावर सही करता, वर विक्रेत्याला शिव्या घालता. त्याचं काम विकायचं होतं, त्याने विकलं. मोजायचं काम तुमचं होतं.

आणि हो, माझा ट्रेलर काळा आहे. पुन्हा विचारू नका.